अंगठ्यातला खर्ज

शुगर लँड म्हटलं की ह्यूस्टन परिसरातल्या मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे चांगल्या शाळा येतात, तळ्याकाठची घरं येतात, हायवे सिक्सवरची वाणसामानाची दुकानं येतात आणि अष्टलक्ष्मी मंदिराच्या आवारात २०२४मध्ये उभी राहिलेली नव्वद फुटी हनुमानाची मूर्ती येते. गिटार वाजवणाऱ्यांनी या गावाची आणखी एक ओळख मनात ठेवावी. १९२० ते १९२५ या काळात इथल्या सरकारी तुरुंगाच्या शेतावर ह्यूडी लेडबेटर नावाचा एक कृष्णवर्णीय कैदी राबत होता. पुढे तो लेड बेली या नावाने जगाला माहीत झाला.

शिक्षा खुनाची होती, मुदत सात ते पस्तीस वर्षांची. १९२४मध्ये टेक्ससचे गव्हर्नर पॅट नेफ तुरुंगाला भेट द्यायला आले, तेव्हा त्याने त्यांच्यापुढे गाऊन सुटका मागितली. पद सोडता सोडता, जानेवारी १९२५मध्ये, नेफ यांनी त्याला माफी दिली. रात्रीच्या आगगाडीच्या दिव्यावरचं ‘मिडनाइट स्पेशल’ हे गाणं तो गात असे. गाणं त्याच्याही आधीचं, पण त्याच्या गळ्यातून ते इतकं पसरलं की शुगर लँडच्या तुरुंगाचं नाव त्याला कायमचं जोडलं गेलं. ज्या साखरेवरून गावाला नाव पडलं, तिच्यासाठीचा ऊस आधी गुलामांनी आणि नंतर भाड्याने दिलेल्या कैद्यांनी काढला होता. २०१८मध्ये एका शाळेच्या बांधकामात अशा ९५ कैद्यांचे अवशेष सापडले. लेड बेलीच्या वादनाबद्दल बोलताना ही माती विसरून चालत नाही.

त्याची गिटार बारा तारांची, स्टेला बनावटीची. तारा नेहमीच्या पट्टीपेक्षा बऱ्याच खाली उतरवलेल्या. उजव्या अंगठ्यात एक नखी, तर्जनीत दुसरी. तर्जनी बारीक तारांवर गाण्याला साथ करायची आणि अंगठा जाड तारांवर एकेक पाऊल टाकत चालायचा, कॉर्ड बदलायच्या आधीच पुढच्या स्वराकडे निघायचा. हे चालणं त्याने गिटारवाल्यांकडून घेतलंच नव्हतं. लुइझियानातल्या श्रीव्हपोर्ट शहरात फॅनिन स्ट्रीटवरच्या गुत्त्यांमध्ये पियानो वाजवणाऱ्यांचा डावा हात ऐकून ते त्याने गिटारवर आणलं, असं तो स्वतः सांगत असे. त्याची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकताना वाटत राहतं की एकाच माणसाच्या हातात बेस वाजवणारा दुसरा माणूस बसला आहे.

बहुतेक गिटारवाल्यांच्या हातातला हा दुसरा माणूस झोपलेला असतो. त्याला जागं करायचं तर काही महिने खरोखरची बेस गिटार हातात घ्यावी. याहून सरळ वाट नाही.

गणेशोत्सवाच्या कार्यक्रमाआधीची तालीम आठवावी. गाड्या बाहेर काढून गॅरेजमध्ये सतरंजी घातलेली, मोठा पंखा लावलेला. एक गायिका, एक तबला, एक कीबोर्ड आणि तीन गिटार. तिघंही एकाच जागी जी कॉर्ड धरून सहाच्या सहा तारा झोडपत असतात. आवाज मोठा होतो, गाणं मात्र उभं राहत नाही. गायिका म्हणते, ‘मला सूरच नीट ऐकू येत नाहीये.’ कीबोर्डवाला आवाज वाढवतो, मग गिटारवालेही वाढवतात. हात कुणाचाच वाईट नसतो. तिघंही वरच्या मजल्यावर गर्दी करून उभे आणि तळमजल्यावर कुणी नाही, एवढीच अडचण असते. त्यातल्या एकाने गिटार ठेवून बेस घेतली, फक्त प्रत्येक कॉर्डचा मूळ स्वर समेवर दिला, तरी उरलेल्या दोघांना आपोआप हात आवरता घ्यावासा वाटतो आणि गायिकेला पायाखाली जमीन लागते.

मराठी कानाला हे नवं नाही. ढोल-ताशा पथकात ताशा कितीही रंगला तरी पाय हलतात ते ढोलाच्या ठोक्यावर. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात ती त्या खोल घुमाऱ्यासाठीच. तंबोऱ्याची चौथी तार खर्जाची असते, आणि गवई पहाटे उठून खर्ज भरतात. मैफलीत तेवढं खाली सहसा कुणी गात नाही, पण वरच्या सुरांना अंग यायचं ते त्या मेहनतीतूनच. गिटारवाल्याने बेस शिकणं म्हणजे हाच खर्जाचा रियाज.

वाद्य म्हणून पाहिलं तर अंतर फार नाही. बेसच्या चार तारा म्हणजे गिटारच्या जाड चार तारा, ई, ए, डी, जी, फक्त एक सप्तक खाली. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते, बेसची ४१ वेळा. म्हणजे गिटारवाल्याला स्वरांचा नकाशा आधीपासून पाठ असतो. बदलतं ते शरीर. नेहमीच्या बेसवर तारेची लांबी ३४ इंच असते, गिटारवर साधारण २५. सर्वांत जाड तार गिटारवर इंचाच्या ४६ हजारांशाची, तर बेसवर १०५ हजारांशाची, म्हणजे दुपटीहून जाड. पहिल्या आठवड्यात बोटं दुखतात ती यामुळे.

या खालच्या स्वरांची एक गंमत तालमीत उपयोगी पडते. ४१ कंपनांच्या स्वराची लहर हवेत आठ मीटरहून लांब असते, म्हणजे साधारण सत्तावीस फूट. गॅरेजच्या एका कोपऱ्यात बेस दणदणीत ऐकू येते आणि चार पावलांवर गायब होते. वाजवणाऱ्याचा त्यात दोष नसतो. आवाजाचं बटण पिळण्याआधी खोलीत दोन-तीन ठिकाणी उभं राहून ऐकावं. मोबाइलच्या स्पीकरमधून तर हे स्वर जवळजवळ निघतच नाहीत, कान वरच्या अंशस्वरांवरून त्यांचा अंदाज बांधतो. गाण्यातली बेस शिकायची असेल तर चांगला हेडफोन हवाच.

आता खरी शिकवण. तिच्यासाठी बेस विकत घ्यायचीही गरज नाही, पेटी पुरते. पांढरी एक ‘सा’ धरून कुणीतरी तो ‘सा’ आकारात लांब ठेवावा. दुसऱ्याने खालच्या सप्तकात आधी ‘सा’ दाबावा, मग मंद्र ‘ध’, मग ‘म’, मग ‘प’. गाणाऱ्याचा सूर तसूभर हललेला नसतो. तरी ‘सा’वर तो घरी बसलेला वाटतो, ‘ध’वर त्यात उदासी उतरते, ‘म’वर तो मोकळ्या माळावर आल्यासारखा पसरतो आणि ‘प’वर काहीतरी मागत लटकून राहतो. पाश्चात्त्य भाषेत हेच सी, ए, एफ, जी. आपल्या संगीतात ‘सा’ अढळ असतो आणि राग त्याच्याभोवती फिरतो. बेसच्या संगीतात सूर वर तसाच राहतो आणि त्याच्याखालची जमीन सरकते. रागदारी ऐकून वाढलेल्या गिटारवाल्याला कॉर्ड पाठ असतात, पण त्या आतून कळलेल्या नसतात. हा सरकता तळ एकदा हाताने अनुभवला की कॉर्ड ही बोटांची आकृती राहत नाही.

गिटारवर सी कॉर्ड चालू असताना बेसने ए दिला, तर ऐकणाऱ्याला ए मायनर सेव्हन ऐकू येते. गिटारवाल्याने काहीच बदललेलं नसतं, तरी कॉर्डचं नाव बेसने ठरवलेलं असतं. आणखी एक उदाहरण. जी, डी, ई मायनर, सी ही चौकडी शेकडो गाण्यांत आहे. बेसने जीवरून डीवर उडी मारली तर ती नेहमीसारखी वाजते. डी कॉर्डच्या वेळी बेस डीऐवजी एफ शार्पवर उतरली, तर तळाला जी, एफ शार्प, ई अशी पायऱ्यांची ओळ तयार होते आणि तेच गाणं वयाने मोठं झाल्यासारखं वाटतं. एफ शार्प हा डी कॉर्डमधलाच स्वर आहे, बाहेरून काही आणलेलं नाही. गिटारच्या पुस्तकांत डीपुढे तिरकी रेघ मारून एफ शार्प का लिहितात, हे अनेकांना दहा वर्षं वाजवूनही उमगत नाही. बेसवर एका संध्याकाळी उमगतं.

दुसरी शिकवण सूर थांबवण्याची. गिटारवाला सूर छेडतो आणि सोडून देतो, तो आपला आपण विरतो. बेसचा सूर लवकर विरत नाही, घोंगावत राहतो. तो कधी बंद करायचा हे ठरवावंच लागतं. हा प्रयोग प्रत्येकाने करावा: मेट्रोनोम मिनिटाला सत्तरवर लावावा आणि जी हा एकच स्वर चार मात्रांत चारदा वाजवावा. पहिल्या फेरीत प्रत्येक सूर पुढचा सूर येईपर्यंत पूर्ण धरावा. दुसऱ्या फेरीत निम्म्यावर, डाव्या हाताचं बोट तारेवरून न उचलता फक्त दाब सैल करून, तो मिटवावा. तिसऱ्या फेरीत जेमतेम ‘टुक्’ ऐकू येईल इतका आखूड करावा. स्वर तोच, वेग तोच. पहिल्या फेरीत भजनाची बैठक आहे, तिसऱ्यात नाच आहे. ही सैल होणारी बोटं गिटारवर परत गेली की तिथलं खटाखट वाजवणंही बदलतं, कारण मौन मोजायची सवय लागलेली असते.

लयीचंही तसंच. गिटारचा हात खाली-वर सतत हलत असतो, म्हणून थोडं पुढेमागे झालं तरी झाकून जातं. बेसचा एकच सूर चुकीच्या क्षणी पडला तर सगळ्यांना कळतं. ड्रमसेट असेल तर बेसने पायाच्या ड्रमला धरून राहावं, हा सर्वत्रचा नियम. मराठी-हिंदी गाण्यांच्या तालमीत ड्रमऐवजी बहुधा तबला असतो, आणि तिथे धरायचं ते डग्ग्याला. केरव्याचे बोल मोठ्याने म्हणावेत: धा गे ना ती, ना क धी ना. डग्ग्याचा घुमारा पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेवर आहे. तिसरी ते सहावी मोकळी. बेसने पहिल्या मात्रेवर बसावं, सातवीवर पुन्हा बोलावं आणि मधली जागा तबल्याच्या चाटेला मोकळी सोडावी. एवढ्याने साधं भावगीतही डोलायला लागतं. बोल तोंडाने म्हणत वाजवण्याची सवय फार मोलाची आहे. १९९६मध्ये मुंबईत जन्मलेली मोहिनी डे जगभर नावाजलेली बेसवादक आहे. वडिलांकडून लहानपणीच बेस शिकलेली ही मुलगी बोल उच्चारत तेच बेसवर वाजवते, तेव्हा तोंड आणि बोटं यांच्यात काही अंतर उरलेलं नसतं.

तळ कुणी सांभाळायचा, या कामवाटपाची टेक्ससच्या मातीतच एक सुंदर कथा आहे. दक्षिण टेक्ससच्या मेक्सिकन वस्त्यांमधलं ‘कोन्हुंतो’ संगीत अकॉर्डियन आणि बाहो सेक्स्तो यांच्या जोडीवर उभं आहे. बाहो सेक्स्तो म्हणजे खाली उतरवलेल्या बारा तारांची भक्कम गिटार. १९३०च्या दशकात नार्सिसो मार्तिनेस या अकॉर्डियनवादकाने डाव्या हाताची बेसची बटणं जवळजवळ सोडूनच दिली. बेसचं काम त्याने आपला साथीदार सांतियागो अल्मेयदा याच्या बाहो सेक्स्तोवर सोपवलं आणि स्वतः उजव्या हाताने उडत्या, स्वच्छ ताना घेऊ लागला. पुढे या संगीतात उभा डबल बेस आणि मग बेस गिटार आली, तसं बाहो सेक्स्तोनेही खालचे स्वर सोडले आणि ताल-कॉर्ड तेवढे ठेवले. तळ कुणाकडे आहे हे बदललं की वरच्या प्रत्येकाचं वादन बदलतं. डाव्या हाताने भाता आणि उजव्याने सूर सांभाळणाऱ्या आपल्या पेटीवाल्यांना ही वाटणी चटकन पटेल.

याच्या उलटं उदाहरण ह्यूस्टनचंच. लाइटनिन हॉपकिन्स हा ब्लूजचा थोर गिटारवादक. त्याचा अंगठाही जबरदस्त चाले, पण तो एकट्याच्या हिशेबाने. बारा मात्राखंडांचा ब्लूज तो मनाला येईल तिथे लांबवी किंवा आखडे, कॉर्ड त्याला हवी तेव्हाच बदले. एकटा वाजवताना ते अद्भुत वाटतं, पण त्याच्यामागे बेस वाजवणाऱ्याला डोळे त्याच्या हातावर रोखून बसावं लागे. ज्यांना चारचौघांत वाजवायचं आहे त्यांनी हॉपकिन्सचा सूर घ्यावा आणि मोजणी बेसच्या मागे बसून शिकावी.

गिटारवरून बेसवर आलेल्यांची यादी मोठी आहे, आणि त्यातले बरेच जण अडचणीतून आले. १९६१मध्ये स्टुअर्ट सटक्लिफ बीटल्समधून बाहेर पडला आणि गिटार वाजवणाऱ्या पॉल मॅकार्टनीच्या गळ्यात बेस आली. हॅम्बर्गमध्ये घेतलेली ती व्हायोलिनच्या आकाराची होफनर आखूड, तीस इंची होती. पुढच्या काही वर्षांत त्याने बेसला गाण्याखाली दुसरं गाणं म्हणावं असं रूप दिलं. कॅरल के ही लॉस एंजलीसची मुरलेली गिटारवादक. १९६३मध्ये एका ध्वनिमुद्रणाला बेसवाला आला नाही म्हणून तिने बेस उचलली आणि पुढे अमेरिकेतल्या असंख्य गाण्यांचा तळ तिच्या हातातून गेला. जिमी हेंड्रिक्सच्या १९६८च्या ‘ऑल अलाँग द वॉचटावर’मध्ये बेस स्वतः हेंड्रिक्सचीच आहे. त्याच वर्षीच्या रोलिंग स्टोन्सच्या ‘सिंपथी फॉर द डेव्हिल’मध्ये ती कीथ रिचर्ड्सची. ह्यूस्टनच्या झीझी टॉप या बँडचं उदाहरण अगदी अलीकडचं. जुलै २०२१मध्ये बेसवादक डस्टी हिल आजारी पडला, तेव्हा त्याची जागा वर्षानुवर्षं त्यांच्या गिटारी सांभाळणाऱ्या एल्वुड फ्रान्सिसने घेतली. हिल त्याच महिन्यात वारला, आणि फ्रान्सिस पुढेही वाजवत राहिला.

ह्यूस्टनच्याच विल्टन फेल्डरचं नावही इथे घ्यायला हवं, जरी तो गिटारवाला नव्हता. क्रुसेडर्स या बँडचा हा सॅक्सोफोनवादक बेसही शिकला, आणि जॅक्सन फाइव्हच्या १९६९च्या ‘आय वाँट यू बॅक’मधली ती धावती बेस त्याची आहे. सुरावट वाजवणारा माणूस बेसवर गेला की ती कशी गाऊ लागते, हे त्यात ऐकावं.

बेस गिटार जन्मली तीसुद्धा काही प्रमाणात गिटारवाल्यांसाठीच. लिओ फेंडरने १९५१मध्ये कॅलिफोर्नियात प्रिसिजन बेस बाजारात आणली. पडद्यांमुळे सूर नेमका लागतो म्हणून ‘प्रिसिजन’. अवजड डबल बेसवाल्यांची सोय तर होतीच, शिवाय गिटारवाल्याला तीच बोटं वापरून बेसचंही काम मिळवता येईल हा विचार त्यामागे होता. मुंबईच्या चित्रपटसंगीतात ही वाट गोव्याच्या वादकांनी रुंद केली. स्टाफ नोटेशन वाचणारे, चर्चमध्ये हार्मनीत वाढलेले हे लोक. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातले बेसवादक टोनी वाझ त्याच परंपरेतले. सत्तरीच्या दशकातली बर्मन यांची गाणी हेडफोन लावून, गायकाकडे दुर्लक्ष करून, फक्त तळ ऐकत एकदा ऐकावीत. पाठ असलेली गाणी नव्याने भेटतात.

आता विकत घेण्याबद्दल. अमेरिकेत शिकाऊ माणसाला पुरेल अशी चांगली नवी बेस साधारण दोनशे ते साडेतीनशे डॉलरमध्ये मिळते. यामाहा, आयबानेझ, स्क्वायर यांपैकी कुठलीही चालेल, वापरलेली त्याहून स्वस्त. चारच तारांची घ्यावी, पाच-सहा तारांचा मोह नंतर. हात लहान असेल किंवा घरातलं दहा-बारा वर्षांचं मूलही वाजवणार असेल, तर तीस इंची आखूड बेस पाहावी. दुकानात प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवून खडखडाट आहे का ते ऐकावं. वजन उभं राहून, पट्टा लावून तपासावं. बेस साध्या गिटारच्या ॲम्प्लिफायरला जोडून जोरात वाजवू नये, त्याचा स्पीकर त्या कंपनांसाठी नसतो आणि फाटू शकतो. घरात सरावाला लहान बेस ॲम्प किंवा हेडफोन ॲम्प पुरतो, शेजारीही सुखी राहतात.

शुगर लँडच्या हवेत एक पथ्य जास्तीचं. बाहेर दमट उकाडा, आत एसीची कोरडी थंडी. लाकूड या ये-जा करण्याने वाकतं, आणि बेसच्या तारांचा ताण गिटारपेक्षा बराच जास्त असल्यामुळे मानेवर त्याचा परिणाम लवकर दिसतो. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत वाद्य ठेवून किराणा आणायला जाऊ नये. तासाभरात डिंक सैल पडू शकतो. तालमीला पोचल्यावर वाद्याची पेटी लगेच न उघडता दहा-पंधरा मिनिटं खोलीच्या हवेत ठेवावी. ऋतू बदलला की तारा पडद्यांपासून फार उंच किंवा फार जवळ आल्यात का हे पाहून मानेतला सळीचा स्क्रू जाणकाराकडून जुळवून घ्यावा.

हाताची बैठक सुरुवातीलाच नीट बसवावी, कारण गिटारच्या सवयी इथे आडव्या येतात. उजवा अंगठा पिकअपवर टेकवून तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने चालवावं, दोन माणसं फुटपाथवरून चालत जावीत तसं. बोट तार ओढून बाहेर काढत नाही, तारेतून पुढे जाऊन शेजारच्या जाड तारेवर विसावतं. तीच तार त्यामुळे गप्पही राहते. डावा हात पहिल्या पाच पडद्यांत असताना चार बोटांना चार पडदे देण्याचा हट्ट धरू नये. डबल बेसवाल्यांची जुनी रीत चांगली: पहिलं, दुसरं आणि करंगळी तीन पडद्यांसाठी, अनामिका करंगळीच्या मदतीला. बोट पडद्याच्या अगदी मागे, त्याला खेटून दाबावं, तिथे सर्वांत कमी जोर लागतो. मनगट वाकडं होऊन दुखू लागलं तर तिथेच थांबावं. दुखण्यातून वाट काढण्याचा हा रियाज नव्हे.

आणि सगळ्यात मोठी सवय मोडायची ती भरगच्च वाजवण्याची. गिटारवाला बेस घेतो आणि दुसऱ्याच मिनिटाला बाराव्या पडद्यावर जाऊन ताना घेऊ लागतो. पहिला महिना पाचव्या पडद्याच्या वर न जाण्याचा नेम करावा. पहिल्या आठवड्यात प्रत्येक कॉर्डचा फक्त मूळ स्वर, समेवर, एवढंच. दुसऱ्या आठवड्यात त्याचा पंचम जोडावा. बेसवर तो शेजारच्या बारीक तारेवर दोन पडदे पुढे असतो, आणि वरचा ‘सा’ त्याच्याही पुढच्या तारेवर, त्याच पडद्यावर. ही तीन टोकांची आकृती हाताला लागली की अर्धी गाणी लागली. तिसऱ्या आठवड्यात कॉर्ड बदलण्याच्या आधीची शेवटची मात्रा मोकळी न सोडता तिथे पुढच्या मूळ स्वराच्या एक पडदा खालचा किंवा वरचा स्वर द्यावा. लेड बेलीचा अंगठा कॉर्डच्या आधी निघतो म्हणतात, ते हेच. चौथ्या आठवड्यात एका पाठ असलेल्या गाण्याची मूळ बेस कानाने उतरवावी, कुठल्याही लिहिलेल्या मदतीशिवाय. रोज वीस मिनिटं पुरतात, पण रोज.

ज्यांची मुलं इथल्या शाळांमध्ये आहेत त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. टेक्ससमध्ये शालेय बँड आणि ऑर्केस्ट्राची परंपरा फार जोरकस आहे. जॅझ बँडमध्ये गिटारची आणि बेसची अशा दोन्ही जागा असतात, आणि गिटार येणारी मुलं रांगेत असतात तेव्हा बेसच्या खुर्चीसाठी शोधाशोध चालू असते. ऑर्केस्ट्रात उभा डबल बेस असतो, त्याच्या तारा बेस गिटारच्याच स्वरांच्या. गिटार शिकलेला मुलगा बेसचं स्वरलेखन, म्हणजे ‘एफ’ची खूण असलेली पाचरेघी, वाचायला शिकला तर त्याला दोन्ही दारं उघडी होतात. मोठ्यांनाही हाच अनुभव येतो. मंडळाच्या कार्यक्रमात चौथा गिटारवाला थांबायला तयार असतो, पण बेसवाल्याला फोन जातो.

दोन-तीन महिन्यांनी गिटार पुन्हा हातात घेतली की फरक लगेच जाणवतो. बेसवाला शेजारी असेल तर जाड दोन तारा वाजवायची गरज उरत नाही. मधल्या तीन तारांवरच्या छोट्या कॉर्ड पुरतात आणि जास्त गोड लागतात, हे कानच सांगतो. स्मार्ट फायनान्शियल सेंटरसारख्या सभागृहात, जे शुगर लँडमध्ये २०१७ साली उघडलं आणि जिथे साडेसहा हजारांच्या आसपास माणसं बसतात, मोठा वाद्यवृंद ऐकताना नजर आपोआप मुख्य गायकाकडून मागच्या कडेला उभ्या असलेल्या बेसवाल्याच्या हाताकडे वळते.

बेसवाला नसेल, एकट्यानेच गायचं-वाजवायचं असेल, तर मग शुगर लँडच्या त्या कैद्याकडे परत जावं. जॉन आणि ॲलन लोमॅक्स या पितापुत्रांनी १९३३पासून काँग्रेस ग्रंथालयासाठी त्याचं गाणं ध्वनिमुद्रित केलं, आणि ती मुद्रणं आज सहज ऐकायला मिळतात. गिटारवर ई कॉर्ड धरावी. पहिले पंधरा दिवस फक्त अंगठा: जाड ई तार, मग ए तार, एकाआड एक, मिनिटाला साठच्या वेगाने, तर्जनी मुकी ठेवून. अंगठा बोलत असताना घरातल्या कुणाशी तरी चार वाक्यं बोलता आली पाहिजेत, लय न तुटता. ती जमली की बारीक तारांवर तर्जनीला सोडावं.